कोल्हापूर पहिल्यांदाच बघताय? एका दिवसाचा नीट बेत

कोल्हापूर एका दिवसात बघून होतं का, हे मला प्रत्येक सुट्टीत कुणी ना कुणी विचारतं. नोकरीसाठी मी या शहरात आलो आणि इथलाच झालो. आता मुंबईचे, नागपूरचे, नाशिकचे पाहुणे निघायच्या आधी मलाच फोन करतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: शहर एका दिवसात होतं, जिल्हा होत नाही. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी आणि कणेरी मठ एकाच दिवसात दाखवतो असं कुणी गाडीवाला म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणा. सगळीकडे पाय लागतील, पण निवांतपणे काहीच बघायला मिळणार नाही.

बहुतेक पाहुणे देवीचं दर्शन, मटणाचं ताट आणि चपलेचा जोड एवढं करून परततात. तिन्ही गोष्टी कराच. पण हे शहर जितकं देवीचं, तितकंच राजर्षी शाहू महाराजांचं आहे, आणि त्यांच्या खुणा देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही लोकांच्या नजरेतून सुटतात. खालचा बेत मी त्या खुणा धरून आखला आहे. यात वेळा महत्त्वाच्या आहेत. इथे प्रत्येक गोष्टीची आपली वेळ असते, ती चुकली की रांग वाढते, मिसळ संपते, नाहीतर दार बंद मिळतं.

१. दिवस कोणता निवडायचा

मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी देवळात गर्दी असते. सोमवारी संग्रहालयं बहुधा बंद असतात. म्हणून पहिल्या भेटीला बुधवार किंवा गुरुवार सगळ्यात सोयीचा. गुरुवारी घरात मांसाहार चालत नसेल तर बुधवार.

नवरात्रात यायचं असेल तर त्या सोहळ्यासाठीच या. तेव्हा शहर बघणं बाजूला राहतं, दर्शनाच्या रांगेतच दिवस जातो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते आणि तिकडचे भाविक अंबाबाईलाही येतात, त्या दिवसांतही लॉज मिळायची पंचाईत होते.

किरणोत्सवाबद्दल बरेच जण विचारतात. देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १०, ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग कंबर-छातीपर्यंत आणि शेवटी मुखापर्यंत, असा त्यांचा क्रम. ढग आले किंवा वाटेत काही अडथळा असला तर किरणं पूर्ण पोहोचत नाहीत. तेव्हा त्यासाठी येणाऱ्यांनी एकाच संध्याकाळवर भिस्त ठेवू नये.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, निघण्याआधी पंचगंगेची पातळी बघा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ च्या पुढे चाललं असेल तर बेत पुढे ढकला. मोठ्या पुरात शिरोलीजवळ महामार्गही बंद होतो आणि पाहुणे अडकून पडतात.

२. सोबत काय घ्यायचं

- मूळ ओळखपत्र. लॉजवर लागतं. एसटीने येणाऱ्या ६५ वर्षांवरच्यांना अर्ध्या तिकिटासाठी आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवासासाठीही लागतं. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच.
- रेल्वेचं तिकीट आणि बॅगेला कुलूप. स्टेशनवर सामान ठेवायचं तर दोन्ही लागतात.
- अंगभर कपडे. तोकडे कपडे घालून देवळात जाऊ नका, पुरुषांनीसुद्धा अर्धी चड्डी नको.
- सहज काढता-घालता येतील अशा चपला. दिवसभरात त्या बऱ्याचदा काढाव्या लागतात.
- दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. मोबाइलवरून पैसे सगळीकडे चालतात, पण रिक्षा आणि ओटीवाल्या मावशींकडे सुटे असलेले बरे.
- एक रिकामी कापडी पिशवी. संध्याकाळी भरते.

३. उतरल्यावर

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी कोल्हापुरात सोडते, परतीचीही रात्रीच आहे. एका दिवसाच्या बेताला याहून सोयीची गाडी नाही. स्टेशनचं नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. मध्यवर्ती बसस्थानक तिथून चालत काही मिनिटांवर आहे, त्याला सगळे सीबीएस म्हणतात. पुण्याहून गाडीने येणार असाल तर अंतर साधारण २३० किलोमीटर, आणि शहरात शिरायचं ते तावडे हॉटेलच्या कमानीकडून.

फ्रेश व्हायला काही तासांसाठी खोली घ्यायची असेल तर स्टँडच्या आसपास किंवा देवळाजवळ बघा. मी देवळाजवळची सुचवतो, कारण दुपारी तासभर पाठ टेकायला तीच उपयोगी पडते.

स्वतःची चारचाकी असेल तर महाद्वार रोडवर नेण्याचा विचारही करू नका. बिंदू चौकातल्या वाहनतळावर लावा आणि तिथून पायी चला. रिक्षा करताना बसण्याआधी भाडं ठरवा. ‘मामा, देवळापर्यंत किती घेणार?’ एवढं विचारलं की पुरतं. पत्ता सांगताना चौक किंवा तिकटीचं (तीन रस्ते मिळतात त्या जागेचं) नाव सांगा, म्हणजे माळकर तिकटी, पापाची तिकटी, गंगावेश, दसरा चौक. रस्त्यांची कागदोपत्री नावं इथे फारशी कुणी वापरत नाही.

४. सकाळी आधी अंबाबाई

देऊळ पहाटेच उघडतं. साडेआठच्या आत रांगेत उभे राहिलात तर साध्या दिवशी दर्शन शांतपणे होतं. दहानंतर सहलीच्या बसगाड्या येऊ लागतात.

देवळाजवळ पोहोचताच दुकानदार हाका मारतील, ‘चप्पल इथं ठेवा, पैसे नाहीत.’ पैसे नसतात हे खरं, पण ओटी त्याच दुकानातून घ्यावी अशी अपेक्षा असते. ओटी भरायची असेल तर खुशाल तिथे ठेवा, फक्त ताटात काय-काय आहे आणि किंमत किती, हे आधीच विचारा. नारळ, हळद-कुंकू, खण, हिरव्या बांगड्या एवढं ताट पुरेसं असतं. साडी घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, कुणी भरीस घालतंय म्हणून घेऊ नका. ओटी भरायची नसेल तर चपला चप्पल स्टँडवरच ठेवा.

रांगेबाहेरून लवकर दर्शन घडवतो म्हणणारा कुणी भेटला तर सरळ पुढे चला. काही अडचण असेल, सोबत वयस्कर माणूस असेल, तर देवस्थान समितीच्या माणसांना विचारा, ते सांगतात काय करायचं ते. फारच गर्दी असेल आणि लहान मूल रडत असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग आहे. थोडं लांबून दिसतं, पण दिसतं.

गाभाऱ्यासमोर क्षणभरच थांबायला मिळतं. म्हणून काय बघायचं ते आधी ठाऊक असू द्या. मूर्ती काळ्या पाषाणाची, साधारण तीन फूट उंचीची आहे. चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. मस्तकावर नाग आणि मागे सिंह. अलंकार आणि साडीमुळे यातलं बरंच झाकलेलं असतं. दोन्ही बाजूंना महाकाली आणि महासरस्वतीचे गाभारे आहेत, तिकडेही जा.

दर्शन झालं की लोक लगेच बाहेर पडतात. तुम्ही पडू नका. बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा सावकाश घाला आणि भिंतींवरची शिल्पं बघा. काळ्या दगडाच्या त्या कोनांमधून सकाळचं ऊन फिरतं तेव्हा नर्तकी, वादक, योगिनी एकेक करून उठून दिसू लागतात. देऊळ चालुक्यकाळापासूनचं मानलं जातं आणि पुढे शतकानुशतकं त्यात भर पडत गेली. शिखरं, मंडप, दीपमाळा वेगवेगळ्या काळातल्या आहेत आणि जरा थांबून बघितलं तर दगडातला फरक कळतो. एवढ्यासाठी अर्धा तास ठेवाच. आत फोटो काढू नका.

मुक्काम असेल आणि शुक्रवार असेल तर रात्री देवीची पालखी निघते, ती चुकवू नका.

५. भवानी मंडप आणि मिसळ

देवळाला लागूनच भवानी मंडप, म्हणजे जुना राजवाडा. आत तुळजाभवानीचं देऊळ आहे. फार वेळ लागत नाही. उंच नगारखान्याखालून जाताना मान वर करून बघा.

आता मिसळ. कोल्हापुरात मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. चांगल्या ठिकाणची दुपारपर्यंत संपते, आणि दुपारी तीनला जी मिळते तिच्यावरून मत बनवू नका. इथे ती बहुतेक ठिकाणी स्लाइस ब्रेडबरोबर देतात. खाली मटकी, बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर आणि सगळ्यावर कट. लाल तवंग बघून घाबरायचं कारण नाही; चांगल्या कटात तिखटापेक्षा मसाल्याची चव पुढे असते. तरी सवय नसेल तर ‘कट कमी’ म्हणून सांगा आणि वर दही मागा. कट पुन्हा मागितला तर वाढतात. कुठली मिसळ सगळ्यात भारी यावर इथल्या घराघरांत दोन तट आहेत, म्हणून मी नाव सांगत नाही. जिथे सकाळी शाळेचे शिक्षक आणि बाजाराला आलेली माणसं बाकावर दाटीने बसलेली दिसतील, तिथे बसा.

६. लांबून जवळ: नवा राजवाडा, टाऊन हॉल, दसरा चौक, बिंदू चौक

मिसळीनंतर रिक्षाने थेट नव्या राजवाड्याला जा, म्हणजे तिथून परत देवळाकडे येताना बाकीची ठिकाणं ओळीने लागतात. उलट क्रमाने गेलात तर राजवाड्यावर ऐन दुपारी जेवणाच्या वेळी पोहोचाल.

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. काळ्या घोटीव दगडाची इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा. छत्रपती घराणं आजही याच्या एका भागात राहतं आणि तळमजल्यावर संग्रहालय आहे. शस्त्रं, पेंढा भरलेली जनावरं, पोशाख हे सगळं आहेच. पण दरबार हॉलमध्ये जरा जास्त वेळ थांबा. तिथल्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत आणि उजेड त्यांच्यामधूनच आत येतो. फोटोला मनाई आहे. मोबाइल खिशात ठेवा.

परतताना सीपीआर रुग्णालयासमोर टाऊन हॉलचं संग्रहालय. छोटं आहे, तिकीट किरकोळ आहे आणि बाहेरची झाडी थंडगार. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. त्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती हा इथला सगळ्यात मोठा ठेवा. सातवाहनांच्या काळात रोमशी चाललेला व्यापार समुद्रापासून इतक्या आत, घाट ओलांडून इथवर पोहोचला होता, हे त्या वितभर मूर्तीवरून समजतं. मुलांना आवर्जून दाखवा.

तिथून चालत दसरा चौक. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आहे. लोक पुतळ्याचा फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही चौकाच्या कडेच्या इमारतींवरच्या पाट्या वाचा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. खेड्यातल्या पोरांना शिकायला शहरात राहण्याची सोय नव्हती, म्हणून महाराजांनी जातीजातींच्या, धर्माधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यांना जागा दिल्या. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. शाळेच्या पुस्तकात हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. इथे त्या निर्णयांच्या इमारती दिसतात, आणि त्यांत आजही मुलं राहतात, शिकतात.

पुढे बिंदू चौक. इथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले गेले. बाबासाहेबांच्या हयातीत उभारलेला त्यांचा हा पुतळा बघायला लोक दुरून येतात. वर्दळीचा चौक आहे, रस्ता ओलांडताना जपून.

७. दुपारचं ताट

जेवणाची वेळ बारा ते तीन. साडेतीनला गेलात तर सुकं संपलेलं असेल. मटणाचं ताट मागवलं की सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू आणि शेवटी भात येतो. काही ठिकाणी खिमाही असतो.

सुरुवात पांढऱ्यापासून करा. मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू वाटून केलेला असतो, मिरचीचा जोर त्यात नसतो, पोटाला उब येते. मग भाकरीबरोबर सुकं. तांबडा भातावर घ्या. तिखटाची सवय नसलेला माणूस पहिलाच घास तांबड्यात बुडवतो आणि मग पुढचं काही चवीने खाऊ शकत नाही. लहान मुलांसाठी अळणी आहे का ते विचारा, बिनतिखटाचा मटणाचा रस्सा बहुतेक खानावळींत मिळतो. दोन्ही रस्से पुन्हा वाढतात. वाढपी ‘घ्या की, लाजू नका’ म्हणेल, ते तो मनापासून म्हणतो. तरी किती वेळा वाढतात आणि मटणाच्या जादा वाटीचे किती, हे दर बघूनच ठरवा.

शाकाहारी पाहुण्यांनी नुसत्या डाळ-भातावर दिवस काढू नये. झुणका-भाकरी, भरलं वांगं, अख्खा मसूर आणि बाजूला खर्डा, हे जेवणही अस्सल इथलंच आहे.

यानंतर तासभर आडवे व्हा. हा बेताचाच भाग आहे.

८. खासबाग

साडेतीन-चारला खासबाग मैदान. भवानी मंडपापासून पाच मिनिटं चालत. माझ्या मते हे कोल्हापुरातलं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात कमी पाहिलं जाणारं ठिकाण.

शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात रोममधलं प्राचीन क्रीडागार बघून त्यांना आपल्या मल्लांसाठी असं मैदान करावंसं वाटलं, आणि १९१२ मध्ये ते तयार झालं. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली गोल उतरंड. कुठेही बसा, समोर माणूस आडवा येत नाही. हजारो लोक कुस्ती बघू शकतील अशी ही रचना विजेच्या दिव्यांच्या आणि कर्ण्यांच्या आधीच्या काळातली आहे, हे वरच्या पायरीवर बसून अनुभवा. हौद्यात चपला घालून पाय ठेवू नका. मल्ल त्या मातीला नमस्कार करून उतरतात.

मैदानाला लागूनच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते सुरू झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री इथली म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. एकाच माणसाने कुस्तीला आणि नाटकाला शेजारी-शेजारी घर दिलं, म्हणून या जागेसमोर दोन मिनिटं थांबाच.

तालीम बघायची इच्छा असेल तर गंगावेश तालीम प्रसिद्ध आहे. सराव पहाटे आणि दुपारनंतर चालतो. दारात उभं राहून आधी वस्तादांना विचारा, परवानगी मिळाली तरच आत जा.

९. चप्पल घेताना

भवानी मंडपाजवळची चप्पल लाईन. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. तरीही बाजारात नकली माल भरपूर आहे. बघायचं ते असं:

- तळ उलटा करा. अस्सल जोडाची शिवण चामड्याच्या वादीची असते. खिळे आणि नुसतं डिंकाने चिकटवलेलं काम दिसलं तर ठेवून द्या.
- वास घ्या. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याचा वास वेगळाच येतो, रबर-रेक्झिनचा लपत नाही.
- मापाला किंचित घट्ट घ्या. वापराने चामडं सैल होतं.
- दोन-तीन दुकानं फिरून मगच भाव करा. पण कारागिराच्या हाताचं काम दिसत असेल तर फार घासाघीस करू नका. एक जोड हाताने करायला बरेच दिवस जातात.

घरी गेल्यावर खोबरेल किंवा एरंडेल तेलाचा हात द्या, रात्रभर ठेवा, आणि पहिले काही दिवस थोडा-थोडा वेळच घाला. पावसात घालायच्या नाहीत.

१०. रंकाळा, गंगावेश आणि परत

सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास रंकाळ्यावर असा. देवळापासून पायी वीसेक मिनिटं, नाहीतर रिक्षा. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस दिसतो, १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला. तो लांबूनच बघायचा. तळ्याकाठच्या नंदीची गोष्ट मुलांना सांगा: तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी पाण्याला पोहोचेल त्या दिवशी जग बुडेल. काठावर भेळ मिळते, तीही तिखटच असते.

परतताना गंगावेशीत थांबा. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पेल्यात देतात. अख्ख्या तालमीचं पोषण ज्या दुधावर होतं ते हेच. दूध न तापवलेलं असतं, म्हणून लहान मुलांनी, गरोदर बायकांनी आणि ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी ते टाळावं.

गूळ, कांदा-लसूण चटणी आणि साज-ठुशीचे नमुने महाद्वार रोड आणि गुजरीत मिळतात. सोन्याची खरेदी घाईत करू नका. गूळ घेताना फार पिवळाधमक टाळा, थोडा काळपट तांबूस चांगला. हंगाम हिवाळ्याचा.

रात्रीची गाडी असेल तर सुटण्याच्या तासभर आधी महाद्वार रोड सोडा. संध्याकाळी तिथून स्टेशनकडे जाणारी रिक्षा गर्दीत अडकते. त्यापेक्षा बिंदू चौकापर्यंत चालत या आणि तिथून रिक्षा करा.

मुक्काम वाढवता आला तर दुसरा दिवस पूर्ण पन्हाळ्याला द्या. शहरापासून २० किलोमीटर, सकाळी लवकर निघा, सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव निवांत बघा. याच गडावरून जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते. उतरताना वाटेत जोतिबा करा. गुलाल कपड्यांवरून निघत नाही, तेव्हा त्या दिवशी जुना सदरा घाला.